पोटातले उपयोगी जीवाणू आपल्या शरीरात नेमकं काय करतात?

पोट बिघडलं की घरातली मोठी माणसं दहीभात खायला सांगतात. डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात तेव्हा बऱ्याचदा ‘पोटासाठी’ म्हणून आणखी एक कॅप्सूल सोबत देतात. दुकानातल्या फ्रीजमध्ये प्रोबायोटिक पेयांच्या छोट्या बाटल्या दिसतात. या सगळ्यामागे कल्पना एकच आहे: आपल्या पोटात काही चांगले जीवाणू राहतात आणि त्यांची काळजी घेतली पाहिजे.

पण हे जीवाणू तिथे करतात काय? शरीराला त्यांचा उपयोग होतो तो कसा? आणि विकत घेतलेल्या कॅप्सूलमधले जीवाणू तेच काम करतात का? या लेखात आपण हे एकेक करून समजून घेऊ.

किती जीवाणू, आणि ते कुठे असतात?

‘शरीरात आपल्या पेशींपेक्षा जीवाणू दहापट जास्त आहेत’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. हा आकडा १९७० च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजावरून आला आणि पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी हा हिशेब नव्याने मांडला. सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी मानवी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असं उत्तर आलं. म्हणजे जवळपास बरोबरीचाच मामला. या सगळ्या जीवाणूंचं मिळून वजन साधारण २०० ग्रॅम भरतं.

यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात. जठरातल्या तीव्र आम्लात फार थोडे टिकतात. लहान आतड्यातून अन्न भराभर पुढे सरकतं, शिवाय पित्तरसाचा मारा असतो, त्यामुळे तिथेही संख्या कमी असते. मोठ्या आतड्यात मात्र अन्नाचा वेग मंदावतो आणि ऑक्सिजन जवळजवळ नसतो. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवाणूंना ही जागा चांगलीच मानवते. तिथल्या एक ग्रॅम ऐवजात सुमारे १०,००० कोटी जीवाणू सापडतात.

संख्येपेक्षा महत्त्वाची आहे त्यांच्याकडची जनुकं. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. २०१० मध्ये १२४ युरोपीय लोकांच्या विष्ठेच्या नमुन्यांमधून सूक्ष्मजीवांची ३३ लाख वेगवेगळी जनुकं नोंदवली गेली. सोप्या भाषेत सांगायचं तर, आपल्या शरीरात जी ‘ॲप्स’ इन्स्टॉल केलेली नाहीत, ती हे जीवाणू सोबत घेऊन येतात.

हे जीवाणू येतात कुठून?

जन्मताना बाळाला पहिले जीवाणू मुख्यतः आईकडून मिळतात. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांमध्ये सुरुवातीची वसाहत वेगळी असते, पण पुढच्या काही महिन्यांत हा फरक बराचसा कमी होतो.

यानंतर आईचं दूध. त्यात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्याखालोखाल प्रमाण असतं ते काही खास साखळीदार शर्करांचं. गंमत म्हणजे या शर्करा बाळाला पचवताच येत नाहीत. मग आईचं शरीर इतकी मेहनत करून त्या बनवतं कशाला? कारण हे जेवण बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियम या जीवाणूंसाठी असतं. त्यांच्याकडे या शर्करा तोडणारी विकरं असतात. ते वाढले की आतड्यात आम्ल तयार होतं आणि अनेक रोगजंतूंना तिथे पाय रोवणं अवघड जातं. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत हे जीवाणू भरपूर असतात, ही गोष्ट पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारासच नोंदवली होती.

मूल वरचं खायला लागलं की वसाहत बदलत जाते आणि साधारण तीन वर्षांपर्यंत ती मोठ्या माणसाच्या वसाहतीसारखी दिसू लागते.

पहिलं काम: न पचलेल्या अन्नातून इंधन

भाकरी, डाळी, पालेभाज्या आणि फळं यांतला चोथा आपल्याला पचत नाही. त्यासाठी लागणारी विकरं आपल्याकडे फारच मोजकी आहेत. याउलट, आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस थीटाआयोटामायक्रॉन या एकाच जीवाणूकडे वनस्पतींमधल्या शर्करांच्या साखळ्या तोडणारी दोनशेहून जास्त विकरं आहेत.

हा चोथा मोठ्या आतड्यात पोचला की जीवाणू तो आंबवतात. त्यातून तीन मुख्य पदार्थ तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यांना लहान साखळीची मेदाम्लं म्हणतात. रोजच्या ऊर्जेपैकी साधारण ५ ते १० टक्के ऊर्जा आपल्याला यांच्यातून मिळते.

यातलं ब्युटिरेट विशेष लक्षात ठेवा, कारण पुढे ते वारंवार येणार आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातल्या ग्लुकोजवर चालतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मात्र आपल्या ऊर्जेचा मोठा भाग, सुमारे ७० टक्के, ब्युटिरेटमधून मिळवतात. म्हणजे आतड्याच्या भिंतीचं जेवण आपण थेट बनवत नाही, ते जीवाणू बनवून देतात.

पावट्याची किंवा हरभऱ्याची उसळ खाल्ल्यावर पोटात वायू का होतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. कडधान्यांमधल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपण पचवू शकत नाही. जीवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही लोकांमध्ये मिथेन तयार होतो. थोडाफार वायू होणं म्हणजे पोट बिघडणं नव्हे. आतली भट्टी चालू असल्याची ती खूण आहे.

दुसरं काम: भिंत सांभाळणं

आतड्याच्या अस्तराच्या पेशींचा थर फक्त एका पेशीइतका जाड असतो. इतक्या पातळ भिंतीला लागून लाखो कोटी जीवाणू असतात, तरी ते आत घुसत नाहीत. हे कसं काय जमतं?

पहिला अडथळा म्हणजे श्लेष्म्याचा, बुळबुळीत जेलसारखा थर. मोठ्या आतड्यात त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा सैल भाग, ज्यात जीवाणू राहतात, आणि आतला घट्ट भाग, ज्यात ते जवळजवळ शिरत नाहीत. ॲकरमॅन्शिया नावाचा एक जीवाणू तर हा श्लेष्माच खाऊन जगतो. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी त्याची ओळख पटवली. निरोगी माणसात श्लेष्मा खाल्ला जातो तसा तो नव्याने तयारही होत असतो, त्यामुळे हिशेब जुळतो.

हिशेब बिघडतो तो चोथा कमी पडल्यावर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना चोथा नसलेला आहार दिला गेला. खायला काही उरलं नाही तेव्हा जीवाणूंनी मोर्चा श्लेष्म्याकडे वळवला. थर पातळ झाला आणि रोगजंतू सोडल्यावर या उंदरांना जास्त गंभीर आजार झाला.

दुसरा अडथळा ऑक्सिजनचा, आणि तो जास्त रंजक आहे. ब्युटिरेट जाळताना अस्तराच्या पेशी भरपूर ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे रक्तातून आलेला ऑक्सिजन आतड्याच्या पोकळीत झिरपत नाही आणि पोकळी ऑक्सिजनरहित राहते. ब्युटिरेट बनवणाऱ्या जीवाणूंना नेमकं हेच हवं असतं. अँटिबायोटिकने हे जीवाणू मेले की ब्युटिरेट घटतं, पेशी ऑक्सिजन कमी वापरतात, उरलेला ऑक्सिजन पोकळीत येतो आणि साल्मोनेलासारख्या ऑक्सिजन वापरू शकणाऱ्या जंतूंचं फावतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ही साखळी टप्प्याटप्प्याने दाखवली गेली आहे.

तिसरं काम: रोगप्रतिकारशक्तीचं शिक्षण

प्रयोगशाळेत जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वातावरणात उंदीर वाढवता येतात. अशा उंदरांच्या आतड्यातल्या रोगप्रतिकारक ऊती अर्धवट वाढलेल्या राहतात. म्हणजे शरीराच्या सैन्याला घडायलाच जीवाणूंची सोबत लागते.

या सैन्याला दोन गोष्टी शिकायच्या असतात: कोणावर हल्ला करायचा आणि कोणाला सोडून द्यायचं. दुसरी गोष्ट जास्त अवघड. रोजचं अन्न आणि नेहमीचे जीवाणू यांच्यावर हल्ला होत राहिला तर आतड्यात कायमचा दाह राहील. हे आवरण्याचं काम ‘नियामक टी पेशी’ करतात. २०११ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की क्लॉस्ट्रिडियम गटातले काही निरुपद्रवी जीवाणू उंदराच्या मोठ्या आतड्यात या पेशी वाढवतात. २०१३ मध्ये त्यामागचा एक दुवा सापडला, आणि तो होता पुन्हा ब्युटिरेट.

चौथं काम: पित्त, जीवनसत्त्वं आणि औषधं

यकृत पित्ताम्लं बनवतं. त्यातली काही मोठ्या आतड्यात पोचतात आणि जीवाणू त्यांचं रूप बदलतात. ही बदललेली पित्ताम्लं शरीराला संदेश देण्याचं काम करतात, शिवाय काही रोगजंतूंना रोखून धरतात. के आणि काही बी जीवनसत्त्वंही जीवाणू तयार करतात, पण फक्त त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. उदाहरणार्थ, मोठ्या आतड्यात तयार झालेलं बी-१२ आपल्याला जवळजवळ शोषताच येत नाही, कारण ते शोषणारी जागा त्याआधीच, लहान आतड्याच्या शेवटी असते.

औषधांचं प्रकरण तर थक्क करणारं आहे. आतड्याच्या दाहावर आणि संधिवातावर दिलं जाणारं सल्फासालाझिन हे औषध मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंनी तोडल्यावरच उपयोगी पडतं. उलट, हृदयविकारावरचं डिगॉक्सिन हे औषध एगरथेला लेंटा हा जीवाणू निकामी करू शकतो. एकच गोळी दोन माणसांना वेगळी का लागू पडते, याचं एक उत्तर आतड्यातही असतं.

मेंदूशी संबंध: किती खरं, किती अतिरंजित?

‘शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं, म्हणून पोट चांगलं तर मन आनंदी’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र त्यातून आपोआप निघत नाही, कारण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. ते प्रामुख्याने आतड्याच्या हालचालींसाठी वापरलं जातं.

मग संबंध नाहीच का? आहे, पण थेट नाही. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची मोठी मज्जातंतू आहे. २०११ मध्ये उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक विशिष्ट वाण दिल्यावर त्यांच्या वागण्यातली भीती कमी झाली, आणि ही मज्जातंतू कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. प्रयोग गाजला. पुढे हाच वाण निरोगी पुरुषांना देऊन पाहिला तेव्हा तणावावर काहीही फरक दिसला नाही. हा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो तितका गाजला नाही. म्हणून ‘मूड सुधारणारे’ जीवाणू विकत घेण्याआधी प्रयोग उंदरांवर झाला होता की माणसांवर, हे जरूर विचारा.

वसाहत उद्ध्वस्त झाली तर?

उपयोगी जीवाणूंची खरी किंमत ते नसताना कळते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, थोडक्यात ‘सी. डिफ’, या जंतूचे बीजाणू काही जणांच्या आतड्यात गुपचूप पडून असतात. नेहमीचे जीवाणू पित्ताम्लांचं रूप बदलून त्याची वाढ दाबून ठेवतात. अँटिबायोटिकमुळे हा पहारा उठला की सी. डिफ फोफावतो आणि तीव्र जुलाब सुरू होतात. विशेषतः वयस्कर रुग्णांमध्ये हा आजार जिवावर बेतू शकतो. उपचार म्हणून पुन्हा अँटिबायोटिक दिलं की काही रुग्णांत आजार पुन्हा उलटतो.

यावरचा उपाय ऐकायला किळसवाणा वाटेल: निरोगी माणसाची विष्ठा तपासून, प्रक्रिया करून रुग्णाच्या आतड्यात सोडायची. १९५८ मध्ये अमेरिकेत बेन आयझमन या सर्जननी आतड्याच्या गंभीर दाहाच्या चार रुग्णांवर हे केलं होतं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत पहिल्याच वेळी १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. फक्त व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या गटात १३ पैकी ४ बरे झाले होते. फरक इतका मोठा होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये अशा प्रकारच्या औषधांना परवानगी मिळाली आहे.

पण हा घरी करून बघायचा प्रयोग नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेल्यामुळे एका रुग्णाचा मृत्यू झाला. त्यानंतर दात्यांच्या तपासण्या आणखी कडक झाल्या.

निरोगी माणसातही अँटिबायोटिकचा परिणाम बराच काळ राहतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरदार अँटिबायोटिक दिली गेली. वसाहत दीड महिन्यात बरीचशी पूर्ववत झाली, पण काही नेहमीच्या प्रजाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये परतल्या नव्हत्या. सर्दी विषाणूमुळे होते आणि तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरीही मेडिकलमधून मागच्या वेळची स्ट्रिप मागून घेतली, तर फायदा शून्य आणि नुकसान मात्र आतड्याचं.

आपल्या भागातलं संशोधन

ओडिशातल्या १४९ गावांत ४,५०० हून जास्त नवजात बाळांवर एक मोठी चाचणी झाली. जन्मानंतर काही दिवसांतच बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा सात दिवस तोंडावाटे दिली गेली. दुसऱ्या गटाला नुसती दिखाऊ पुडी होती. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण दिखाऊ पुडीच्या गटात ९ टक्के होतं, जीवाणू मिळालेल्या गटात ५.४ टक्के. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे आकडे पुरेशा वजनाच्या, अंगावर पिणाऱ्या बाळांचे आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जीवाणू देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये धोक्याचा इशारा दिला आहे. त्यामुळे हा निर्णय बालरोगतज्ज्ञांचाच.

शेजारच्या बांगलादेशात ढाक्यातल्या झोपडपट्टीतल्या कुपोषित मुलांवर झालेली चाचणीही महत्त्वाची आहे. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्चं केळं यांपासून, मुलांच्या आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंना पोसेल असा आहार तयार केला गेला. त्यात नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी होते, तरीही मुलांचं वजन जास्त चांगलं वाढलं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये आले.

पुण्यातही या विषयावर काम झालं आहे. २०१४ मध्ये आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी मानवी विष्ठेतून वेगळ्या केलेल्या एका नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला ‘मेगास्फेरा इंडिका’ असं नाव दिलं. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा गट ठळकपणे आढळतो. धान्य-कडधान्यांचा आहार असलेल्या इतर समाजांतही तो जास्त दिसतो. त्यामुळे युरोप-अमेरिकेतले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालता येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दही-ताकातले जीवाणू पोटात कायमचे राहतात का?
सहसा नाही. ते वाटसरूसारखे येतात, थोडं काम करतात आणि निघून जातात. म्हणून फायदा हवा असेल तर नियमित खावं लागतं. २०२१ मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातलं वैविध्य वाढलं आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या.

कढी आणि इडलीचं काय?
ताक उकळलं किंवा पीठ वाफवलं की जीवाणू मरतात. आंबवल्यामुळे पदार्थ पचायला हलका होतो हे खरं, पण जिवंत जीवाणू हवे असतील तर साधं दही-ताकच घ्या.

शिळा भात चांगला का?
शिजलेला भात गार झाला की त्यातला काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो आणि जीवाणूंच्या वाट्याला येतो. फोडणी देताना पुन्हा गरम केला तरी त्यातला काही भाग टिकतो. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. वेळेवर फ्रीजमध्ये ठेवा.

अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यावी का?
काही विशिष्ट वाणांमुळे अँटिबायोटिकचे जुलाब कमी होतात, याला पुरावा आहे. पण ‘त्यामुळे जुनी वसाहत लवकर परत येते’ हे मात्र सिद्ध झालेलं नाही. इस्रायलमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वसाहत परतायला उलट उशीर लागला. म्हणून कॅप्सूल कशासाठी आणि किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या रुग्णांनी ती स्वतःच्या मनाने घेऊच नये.

लेबलवर काय बघायचं?
नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढं लिहिलेलं पुरेसं नाही. परिणाम वाणागणिक बदलतो, म्हणून वाणाचं पूर्ण नाव, जिवंत जीवाणूंची संख्या, साठवणीचं तापमान आणि मुदत हे चारही तपासा. गोड पेयांमध्ये साखर किती आहे तेही बघा.

मग रोज करायचं काय?
आहारात वैविध्य ठेवा: ज्वारी, बाजरी, नाचणी, कडधान्यं, भाज्या, फळं. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसं प्या. तान्ह्या बाळाला शक्य असेल तर आईचं दूध द्या. अँटिबायोटिक फक्त डॉक्टरांनी दिलं तरच, आणि सांगितलं तितकेच दिवस घ्या. विष्ठेत रक्त, कारण नसताना वजन कमी होणं किंवा अनेक आठवडे चाललेले जुलाब अशी लक्षणं असतील, तर दही-ताकावर न थांबता डॉक्टरांकडे जा.